मळ, पाणी व दुधाची भांडी : नैसर्गिक व कृत्रिम स्वच्छताद्रव्यांचा परिचय

दुधाचा जोडधंदा करणारा शेतकरी जनावराच्या निवडीकडे, वैरणीकडे व आंबोणाकडे जितके लक्ष देतो, तितके लक्ष दूध ज्या भांड्यात काढले जाते त्या भांड्याकडे क्वचितच देतो. पहाटे काढलेले चांगले दूध संकलन केंद्रावर पोहोचेपर्यंत आंबूस होते, उकळताना फाटते व परत पाठविले जाते. दोष बहुधा हवामानाला किंवा जनावराला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा कासंडीच्या जोडात, कॅनच्या गळ्याशी किंवा झाकणाच्या कडेला आदल्या दिवशीच्या दुधाचा बारीक थर राहिलेला असतो. अनुकूल उष्णतेत दुधातील जंतू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात. या हिशेबाने एका जंतूपासून पाच तासांत हजारावर जंतू तयार होतात. वैरणीवर केलेला खर्च अशा रीतीने भांड्याच्या तळाशी वाया जातो.

शेतकऱ्याच्या घरी भांडी धुतली जात नाहीत असे नाही. ती रोज घासली जातात. परंतु कोणता मळ कोणत्या द्रव्याने निघतो, आपल्या विहिरीच्या पाण्यात कोणते द्रव्य काम करते आणि कोणत्या धातूला काय चालते, याची माहिती नसल्यामुळे श्रम व पैसा खर्च होऊनही भांडे खऱ्या अर्थाने स्वच्छ होत नाही. ती माहिती गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी कुटुंबांना व्हावी, हा या पाठाचा हेतू आहे.

मळाचे प्रकार

सर्व मळ एकाच जातीचा नसतो. स्वच्छतेच्या दृष्टीने त्याचे चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग पाण्यात विरघळणाऱ्या मळाचा. साखर, मीठ, घाम, दुधातील शर्करा ही त्याची उदाहरणे होत. हा मळ नुसत्या पाण्याने निघतो. दुसरा वर्ग स्निग्ध मळाचा. तेल, तूप, लोणी व दुधातील स्निग्धांश पाण्यात विरघळत नाहीत. त्यासाठी साबण, अपमार्जक किंवा क्षार लागतो. तिसरा वर्ग प्रथिनांच्या मळाचा. दूध, रक्त व अंडे यांचे डाग या वर्गात येतात. उकळते पाणी लागले म्हणजे प्रथिने गोठतात व पृष्ठभागाला घट्ट चिकटतात. चौथा वर्ग खनिज मळाचा. जड पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर, लोखंडाचा गंज, तांब्यापितळेवरील काळेपणा हे या वर्गातील होत. हा मळ साबणाने निघत नाही. त्याला आम्ल लागते.

दूध हे असे द्रव्य आहे की त्यात पहिल्या तीन वर्गांचा मळ एकत्र असतो. जड पाणी व वारंवारची उष्णता यांमुळे त्यावर चौथ्या वर्गाचाही थर चढतो. दुधाची भांडी धुणे घरातील इतर भांड्यांपेक्षा अवघड का, याचे उत्तर येथेच सापडते.

द्रव्ये कशी काम करतात

पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे. साबणाच्या प्रत्येक कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे व दुसरे तेलाकडे ओढ घेणारे असते. तेलाकडील टोके स्निग्ध मळात रुततात आणि पाण्याकडील टोके बाहेर राहतात. त्यामुळे मळाचे लहान लहान थेंब सुटे होऊन पाण्यात तरंगतात व खळबळताना वाहून जातात. याशिवाय साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो व पाणी पसरून बारीक फटीत शिरते. फेस हे या क्रियेचे केवळ एक दृश्य लक्षण आहे. फेस पुष्कळ आला म्हणजे मळ पुष्कळ निघाला, असे मानणे बरोबर नाही.

नैसर्गिक द्रव्ये

रिठा, शिकेकाई व हिंगणबेट. या तिन्हींच्या फळांत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. रिठ्यात ते बियांत नसून गरात असते. म्हणून बी काढून गर रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी कुस्करून गाळून घ्यावा. जड पाण्यातही सॅपोनिनचा साबणासारखा चोथा होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. रेशमी व लोकरी वस्त्रे तीव्र क्षाराने खराब होतात. रिठ्याचे पाणी सौम्य असल्याने अशी वस्त्रे व दागिने यांसाठी ते फार पूर्वीपासून वापरात आहे. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असल्यामुळे ते केसांना मानवते. हिंगणबेटाचे काटेरी झाड कोरडवाहू भागात बांधावर आढळते. त्याच्या गराचाही धुण्यासाठी उपयोग होतो. मात्र ही द्रव्ये डोळ्यांत गेल्यास चुरचुरतात, आणि सॅपोनिन माशांना विषारी असते. सबब रिठ्याचे पाणी मत्स्यतळ्यात किंवा लहान डोहात सोडू नये. मळ काढण्याची त्यांची शक्ती मर्यादित असल्याने चिकट दूधभांड्यांसाठी ती पुरेशी नाहीत.

राख. लाकडाच्या राखेत पालाशाचा क्षार असतो. पालाश हे पिकांचे अन्न म्हणून शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. तोच पालाश कर्बयुक्त क्षाराच्या रूपाने स्निग्ध मळ सैल करतो. केळीच्या खुंटाच्या व सोपटाच्या राखेत तो विशेष असतो, व अशा राखेचे गाळलेले पाणी धुण्यासाठी वापरण्याची चाल देशाच्या अनेक भागांत होती. दगडी कोळशाच्या राखेत हा गुण जवळजवळ नसतो. राखेचा दुसरा उपयोग घासण्याचा. तिच्यातील कठीण कण मळ खरवडतात, परंतु त्याबरोबर भांड्यावर बारीक चरेही पाडतात. या चऱ्यांत दूध व जंतू साठून राहतात. स्वयंपाकाच्या जाड बुडाच्या भांड्यांना राख चालेल. दुधाच्या भांड्यांना ती वापरू नये.

माती. चिकण माती, शाडू व मुलतानी माती यांत तेल शोषून घेण्याचा गुण आहे. परंतु अंगणातील किंवा गोठ्याजवळील मातीत शेणातील जंतू व त्यांची उष्णतेला दाद न देणारी बीजाणुरूपे असतात. मातीने घासलेले दुधाचे भांडे चकचकीत दिसले तरी ते शुद्ध नसते. मातीने भांडी घासण्याची चाल दुधापुरती तरी पूर्णपणे सोडून द्यावी.

चिंच, आमसूल व लिंबू. यांतील आम्लामुळे तांब्यापितळेवरील काळा थर विरघळतो. थोडे मीठ मिसळल्यास काम लवकर होते. भांडे नंतर स्वच्छ धुऊन कोरडे करावे. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात दूध ठेवू नये. तांब्याच्या अंशाने दुधातील स्निग्धांश लवकर बिघडतो व दुधाला वाईट चव येते.

साबण

तेल किंवा चरबी यांवर कॉस्टिक सोड्याची क्रिया घडविली म्हणजे साबण व ग्लिसरीन तयार होतात. सोड्याऐवजी पालाशाचा तीव्र क्षार वापरल्यास मऊ साबण मिळतो. खोबरेल, मोह, करंज, कडुनिंब, सरकी अशा अनेक तेलांपासून साबण होऊ शकतो. खोबरेल तेलाचा साबण जड पाण्यात, इतकेच नव्हे तर समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही काही प्रमाणात फेस देतो. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर टी.एफ.एम. ही अक्षरे व एक आकडा छापलेला असतो. साबणात स्निग्धाम्लांचा अंश शेकडा किती आहे, हे त्यावरून समजते. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात हा अंश किमान ७६ टक्के असावा लागतो. साबण विकत घेताना केवळ रंग व वास न पाहता हा आकडा पाहणे हितावह आहे.

साबणाचा मुख्य दोष जड पाण्यात दिसून येतो. चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार असलेल्या पाण्यात साबण टाकला की प्रथम फेस न येता दह्यासारखा पांढुरका चोथा तयार होतो. पाण्यातील हे क्षार संपेपर्यंत साबण वाया जातो. चोथा कपड्यांत बसून कपडे करडे व ताठर होतात, आणि भांड्यावर चिकट पापुद्रा राहतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील अनेक विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. ज्या घरात साबण ‘पुरत नाही’ अशी तक्रार असते, तेथे आधी पाण्याची परीक्षा करावी.

साबणात चिंच किंवा लिंबू मिसळू नये. आम्लामुळे साबणाचे पुन्हा स्निग्धाम्ल बनते व दोन्ही द्रव्ये फुकट जातात. आम्लाचे काम व साबणाचे काम निरनिराळ्या वेळी, मध्ये पाण्याने धुऊन करावे.

धुण्याचा सोडा व कॉस्टिक सोडा

धुण्याचा सोडा स्वस्त, सहज मिळणारा व गुणकारी आहे. तो स्निग्ध मळ सैल करतो, प्रथिने फुगवून सुटी करतो आणि पाण्याचा जडपणाही कमी करतो. उकळल्याने पाण्याचा काही जडपणा जातो, तर काही तसाच राहतो. सोड्याने दोन्ही प्रकारचा जडपणा घटतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्यातून पूर्वी असेच सोडाक्षार काढले जात. आज बाजारात मिळणारा सोडा बहुतेक कारखान्यात तयार झालेला असतो.

सोडा मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्फटिकरूप सोड्यात वजनाने सुमारे ६३ टक्के पाणीच असते. कोरड्या पांढऱ्या पुडीत ते नसते. म्हणून ५० ग्रॅम स्फटिकांचे काम सुमारे २० ग्रॅम कोरड्या पुडीने होते. खाण्याचा सोडा हा निराळा पदार्थ असून तो पुष्कळ सौम्य आहे.

सोड्याने ॲल्युमिनियम खराब होते. भांडे काळवंडते व त्याचा पृष्ठभाग झिजून खडबडीत होतो. ॲल्युमिनियमच्या कॅनसाठी सोड्याऐवजी सौम्य अपमार्जक वापरावा. कॉस्टिक सोडा तर कातडी व डोळे जाळणारा आहे. ॲल्युमिनियमशी त्याचा संबंध आल्यास पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. घरगुती कामासाठी कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नये व मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नये.

कृत्रिम अपमार्जक

ज्यांना बाजारात डिटर्जंट म्हणतात, ते अपमार्जक साबणापासून भिन्न आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चरबीची टंचाई पडल्याने तेथील रसायनशास्त्रज्ञांनी तेलाशिवाय धुण्याची द्रव्ये बनविण्याचे प्रयत्न केले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा प्रसार झपाट्याने झाला. भारतात १९५९ मध्ये सर्फ ही पूड बाजारात आली, आणि १९६९ मध्ये अहमदाबाद येथे करसनभाई पटेल यांनी निर्मा ही कमी किमतीची पूड सुरू केल्यावर असे अपमार्जक सामान्य घरांपर्यंत पोहोचले.

यांतील मुख्य द्रव्य बहुधा खनिज तेलापासून बनते. जड पाण्यात त्याचा साबणासारखा चोथा होत नाही, हा त्याचा मुख्य फायदा होय. पुडीत याशिवाय सोडा, भरीचे क्षार व वस्त्र उजळ दिसावे म्हणून घातलेली द्रव्ये असतात. काही पुडींत विकर, म्हणजे एन्झाइम असतात. प्रथिने पचविणारी विकरे रक्ताचे व दुधाचे डाग काढण्यास उपयोगी पडतात. परंतु उकळत्या पाण्यात ती निष्क्रिय होतात, आणि रेशीम व लोकर हीदेखील प्रथिनेच असल्याने त्या वस्त्रांना अशी पूड वापरू नये.

अपमार्जकांचे दोषही समजून घेतले पाहिजेत. त्यांनी हातांवरील नैसर्गिक स्निग्धता निघून जाते व कातडी फाटते. पूर्वीच्या अपमार्जकांचे मातीतील व पाण्यातील जंतूंकडून विघटन होत नसे. त्यामुळे १९५० नंतरच्या काळात युरोप व अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. पुढे १९६० नंतरच्या दशकात सहज विघटन होणारी द्रव्ये त्यांच्या जागी आली. अपमार्जकांतील स्फुरदयुक्त क्षार तलावात साठल्यास शेवाळ माजते. पिकाला हवा असलेला स्फुरद तळ्यात नकोसा ठरतो, हे शेतकऱ्यांना समजावून सांगणे सोपे आहे.

दूध उत्पादकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, भांडे नीट न खळबळल्यास अपमार्जकाचा अंश दुधात उतरतो. दुधात अपमार्जक आढळणे हे भेसळीचे लक्षण मानले जाते व त्याची तपासणी केली जाते. ज्याने आयुष्यात कधी भेसळ केली नाही अशा शेतकऱ्यावरही केवळ निष्काळजीपणामुळे असा ठपका येऊ शकतो. भांड्याबरोबर त्याची पतही धुतली जाते, हे ओळखून शेवटचे खळबळणे कधीही टाळू नये.

स्वच्छ करणे व निर्जंतुक करणे

या दोन क्रिया भिन्न आहेत. साबण, सोडा व अपमार्जक मळ काढतात. मळाबरोबर पुष्कळ जंतूही जातात, पण सर्व जात नाहीत. उरलेले जंतू उकळत्या पाण्याने, वाफेने किंवा क्लोरीनने मारावे लागतात. ग्रामपंचायत विहिरीच्या शुद्धीकरणासाठी जी टी.सी.एल. पावडर वापरते, ती या कामास चालते. सुमारे २५ टक्के क्लोरीन असलेली ८ ग्रॅम पावडर १० लिटर पाण्यात मिसळून, निवळी वरची वर काढून घ्यावी. धुतलेल्या भांड्यात ती निवळी दोन मिनिटे सर्व बाजूंना लागेल अशी फिरवून ओतून द्यावी. उघडी राहिलेली पावडर हवेने निःसत्त्व होते. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व थंड जागी ठेवावी.

मळकट भांड्यावर क्लोरीनचे पाणी टाकण्यात अर्थ नाही. क्लोरीन मळावरच खर्च होतो व जंतू सुरक्षित राहतात. तसेच टी.सी.एल. पावडर कोणत्याही आम्लाशी किंवा आम्लयुक्त सफाईद्रव्याशी मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू विषारी असून बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतो.

दूधभांडी धुण्याचा योग्य क्रम

१. दूध ओतून होताच भांडे थंड किंवा कोमट पाण्याने खळबळावे. दूध वाळू देऊ नये. प्रथम उकळते पाणी घालू नये, कारण त्याने प्रथिने गोठून भांड्याला चिकटतात. या एका चुकीमुळे पुढची सर्व मेहनत दुप्पट होते.

२. १० लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम स्फटिकरूप धुण्याचा सोडा किंवा सुमारे २० ग्रॅम कोरडी पूड विरघळवावी. त्यात ब्रश बुडवून आतून, बाहेरून, गळ्याशी, कानाजवळ व झाकणाच्या खोबणीत घासावे. ॲल्युमिनियमसाठी सौम्य अपमार्जक घ्यावा. लोखंडी तारेची घासणी, वाळू व विटेचा चुरा वापरू नये.

३. स्वच्छ पाण्याने दोन वेळा खळबळावे. पाण्यात फेस दिसेनासा झाला पाहिजे व बोटाला बुळबुळीतपणा लागता कामा नये.

४. उकळते पाणी किंवा वर सांगितलेली क्लोरीनची निवळी वापरून भांडे निर्जंतुक करावे.

५. भांडे फडक्याने पुसू नये. घरातील फडके हेच पुष्कळदा जंतूंचे आगर असते. भांडे फळीवर किंवा मांडणीवर पालथे घालून उन्हात वाळवावे. जमिनीवर पालथे घातल्यास हवा खेळत नाही व आतील ओल टिकते.

६. पांढरट दगडासारखा थर दिसू लागल्यास तो दुधातील व पाण्यातील खनिजांचा समजावा. स्टीलच्या भांड्यावर अधूनमधून लिंबू किंवा सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण लावून तो काढावा व भांडे भरपूर पाण्याने धुवावे.

दूध काढणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले असावेत. जनावराची कास मात्र तीव्र अपमार्जकाने धुऊ नये. सडांची कातडी फाटते व जखमेतून कासदाहाचे जंतू शिरण्याची भीती असते. कास स्वच्छ पाण्याने धुऊन, प्रत्येक जनावरासाठी वेगळ्या स्वच्छ कपड्याने कोरडी करावी.

शेतीकामातील उपयोग

साबणाचा पृष्ठताण कमी करण्याचा गुण पीकसंरक्षणातही उपयोगी पडतो. निंबोळी अर्क नुसता फवारल्यास कोबीसारख्या मेणचट पानांवरून थेंब घरंगळतात. म्हणून १०० लिटर फवाऱ्यासाठी ५ किलो निंबोळीची पूड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळतात, २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळतात व एकूण द्रावण १०० लिटर करतात. साबणामुळे अर्क पानावर पसरतो व चिकटून राहतो. येथे कपड्यांची तीव्र पूड अंदाजाने टाकू नये. पाने करपण्याचा संभव असतो.

कीटकनाशक फवारताना घातलेले कपडे घरच्या इतर कपड्यांत, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते वेगळे ठेवून, हातमोजे घालून, गरम पाण्यात अपमार्जकाने धुवावेत व उन्हात वाळवावेत. ज्या बादलीत ते धुतले तीही साबणाने धुऊन ठेवावी. हे पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदाजवळ सांडू नये.

सांडपाण्याचा विचार

धुण्याचे पाणी परसबागेत सोडण्याची चाल चांगली आहे, परंतु ती विचाराने पाळावी. सोडा व पूड यांतील सोडियम काळ्या जमिनीत साठला म्हणजे मातीचे कण विलग होतात, रवाळपणा नाहीसा होतो, पाणी मुरत नाही व वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. चोपण जमिनीचे दुःख ज्या शेतकऱ्याने पाहिले आहे, त्याला हे अधिक सांगण्याची गरज नाही. म्हणून पहिले सोड्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे व खळबळल्याचे शेवटचे पाणी केळी, अळू यांना आलटूनपालटून द्यावे. रोज एकाच वाफ्यात पाणी सोडू नये.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिके

पहिले प्रात्यक्षिक पाण्याच्या परीक्षेचे. सारख्या दोन बाटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे साठविलेले पाणी व दुसरीत गावच्या विहिरीचे पाणी सारख्या मापाने भरावे. दोन्हींत साबणाच्या पाण्याचे दहा दहा थेंब टाकून बाटल्या सारख्याच हलवाव्यात. पहिल्या बाटलीत फेस टिकतो. दुसरीत पाणी गढूळ होऊन फेस बसला, तर पाणी जड आहे. मग विहिरीच्या पाण्यात चिमूटभर सोडा विरघळवून परीक्षा पुन्हा करावी. फरक सर्वांच्या डोळ्यांना दिसेल.

दुसरे प्रात्यक्षिक पृष्ठताणाचे. ताटातील पाण्यावर हळदीची पूड भुरभुरावी व मध्यभागी साबण लावलेले बोट टेकवावे. हळद क्षणात कडेला पळते. साबण पाण्याला कसे पसरवितो हे त्यावरून कळते.

तिसरे प्रात्यक्षिक प्रत्यक्ष दुधाचे. दुधाने माखलेल्या दोन वाट्या घ्याव्यात. एकीत प्रथम उकळते पाणी व दुसरीत प्रथम कोमट पाणी ओतावे. नंतर दोन्ही सारख्या धुऊन बोटाने तपासाव्यात. पहिल्या वाटीचा चिकटपणा घरातील स्त्रियांच्या चटकन लक्षात येतो. दूधभांडी बहुतेक घरांत त्याच धूत असल्याने ही प्रात्यक्षिके केवळ चावडीवर न करता महिला मंडळात व बचतगटातही अवश्य करावीत.

सारांश

कोणतेही एक द्रव्य सर्वगुणी नाही. रिठा नाजूक वस्त्रांना, शिकेकाई केसांना, आम्ल खनिज थराला, सोडा स्निग्ध भांड्याला, साबण हातांना व अपमार्जक जड पाण्याला योग्य आहे. नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी व कृत्रिम म्हणून वाईट, असा सरसकट नियम नाही. मळ, पाणी व धातू ही तीन पाहून द्रव्य निवडावे, मापाने वापरावे व पूर्णपणे धुऊन टाकावे. कोमट पाणी, सोडा, स्वच्छ पाणी, उकळते पाणी व ऊन हा पाच पायऱ्यांचा क्रम ज्या घरात रोज पाळला जाईल, तेथील दूध टिकेल. त्यासाठी लागणारा खर्च परत आलेल्या एका कॅन दुधाच्या किमतीपुढे अगदी अल्प आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. दुधाच्या भांड्यात प्रथम उकळते पाणी का घालू नये?
२. जड पाण्यात साबण वाया का जातो? त्यावर कोणते उपाय आहेत?
३. ॲल्युमिनियमच्या कॅनसाठी धुण्याचा सोडा का वापरू नये?
४. स्वच्छ करणे व निर्जंतुक करणे यांतील फरक उदाहरणाने सांगा.
५. आपल्या गावातील तीन विहिरींच्या पाण्याची साबणाने परीक्षा करून निष्कर्ष लिहा.